जिताडा साहेबांनी पकडला

बाबा,

परवा तुमच्या नातीचा गोव्याहून फोन आला होता. तिनं एक प्लास्टिकची होडी विकत घेतली आहे, केशरी रंगाची, लांबट, एकाच माणसाला बसता येईल अशी. कयाक म्हणतात तिला. सुट्टीच्या दिवशी ती त्यात बसून समुद्रात जाते आणि आता तिला तिथून मासे पकडायचे आहेत. "आत्या, आजोबा कयाकमधून मासे पकडायचे ना? पप्पा सांगतात, केवढा तरी जिताडा पकडला होता म्हणे त्यांनी. मग नवीन शिकणाऱ्यानं काय काय घ्यायचं? कोणता गळ, कोणतं आमिष, काठी केवढी? तुला आठवतं का काही?" मी म्हटलं, आठवतं. विचार करून सांगते. फोन ठेवला आणि बसून राहिले. म्हणजे तुमच्या मुलाला तुम्ही कधीतरी सांगितलं होतं तर. तो तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाचा, आईजवळ घरी राहिलेला. त्याला तुम्ही समुद्र सांगितला, होडी सांगितली, मासा सांगितला आणि पुढं ओसरीवर जे झालं तेवढं गाळलंत. अर्धीच गोष्ट सांगून तुम्ही त्या घरात दर्याचे राजे होऊन बसलात. उरलेली अर्धी माझ्याकडे राहिली आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुम्हालाच सांगते. तुम्ही ऐकणार नाही हे एका परीनं बरंच आहे, कारण तुम्ही ऐकत असताना मला तुमच्याशी नीट बोलता आलं नाही कधी.

मासे पकडायला लागण्यापूर्वी तुम्ही बरे होतात. वडनेर भोलजीतलं आपलं घर, काकांच्या हातात वावर, आणि तुम्ही मॅट्रिक झालात म्हणून धरणाच्या कामावर स्टोअरकीपर. सिमेंटच्या गोण्या, घमेली, फावडी, दोरखंड, कंदिलाच्या काचा, सगळं तुमच्या ताब्यात. कॉलनीतल्या पत्र्याच्या खोलीत आपण राहत होतो. गळ्यात माळ, संध्याकाळी हरिपाठ, घरात मासळीचा वासही नाही. मग धरणात पहिल्यांदा पाणी साठलं आणि धरणावरच्या इंजिनीअर साहेबांना गळ टाकायचा नाद लागला. लागला म्हणजे मुंबईहून येतानाच ते तो घेऊन आले होते. आमच्याकडे तोवर पाणीच नव्हतं. त्यांच्याकडे घडीची एक होडी होती. लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर चढवायचं रबर लावलेलं जाड कापड, सगळं मिळून दोन पिशव्यांत मावायचं. साहेब तिला कयाक म्हणायचे. तुम्ही 'कायाक' म्हणायचात, आणि साहेब हसले की तुम्हीही हसायचात. पुढं पुढं तर तुम्हाला बरोबर म्हणता यायला लागलं होतं, तरी साहेबांसमोर तुम्ही कायाकच म्हणायचात. मी ऐकलं आहे.

त्या गोदामातला सगळ्यात स्वच्छ कप्पा साहेबांच्या गळांचा होता. सरकारी फावड्यांना गंज चढला तर चढला, पण साहेबांचा गळ तुम्ही खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचात. मी बुलढाण्याच्या कॉलेजात होते, सुट्टीत आले की तुम्ही साहेबांचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढं ठेवायचात. "वाच माय. काय म्हनून राह्यला तो?" मी वाचायची आणि मराठीत सांगायची. चमच्यासारखा पत्रा पाण्यात ओढला की तो लुकलुकतो आणि माशाला लहान मासळी वाटते. लाकडाचा रंगवलेला मासा ओढला की तो शेपूट हलवल्यासारखा डुलतो. ढगाळ दिवशी पिवळा, उन्हात पांढरा. दोऱ्याला पीळ बसू नये म्हणून मध्ये पितळेची भिंगरी. मला ते सगळं मूर्खपणाचं वाटायचं. जिवंत माणसानं खोट्या माशाचा रंग ठरवत बसायचं. पण तुम्ही डोळे मिटून पाठ करायचात, आणि दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दारात उभे राहून साहेबांना म्हणायचात, "साहेब, आज ढग हाये. मले वाटते, पिवळा चांगला राहीन." साहेब म्हणायचे, "अरे वा, स्टोअरकीपर, तुम्ही तर उस्ताद निघालात." मी शेजारी डबा घेऊन उभी असायची. माझ्या तोंडचं वाक्य तुमच्या तोंडून साहेबांच्या पायाशी पडलेलं मी बघायची.

आईनं एकदाच म्हटलं होतं. ती भाकरी थापत होती, तुम्ही चुलीच्या उजेडात गळ निवडत बसला होतात. ती म्हणाली, "गळ्यात माळ घालून हे काय करून राह्यले तुमी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मी कुठी पकडून राह्यलो? साहेब पकडते. मी निसता सामान पाहतो." आईनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. तिला वर्कचार्ज म्हणजे काय ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, तेव्हा त्याची धास्ती नव्हती एवढंच. धरणाच्या कामापुरती नेमलेली माणसं, काम संपलं की घरी. भिंत पुरी झाली होती, कालव्याचं थोडं राहिलं होतं, आणि कॉलनीतल्या प्रत्येक खोलीत तेच बोलणं चालायचं, कोण कायम होणार, कोण जाणार. काका म्हणत होते, ये परत, वावर आहे, एक बैलजोडी आणखी ठेवू. पण काकांच्या हाताखाली राबायला तुम्ही तयार नव्हतात. धाकट्या भावापुढं वाकायची तुम्हाला लाज वाटत होती. साहेबांपुढं वाकताना ती लाज कुठं जायची ते तुमचं तुम्हाला माहीत.

मग साहेबांनी थंडीत रजा काढली. अलिबागच्या पुढं त्यांच्या सासऱ्यांचं घर होतं, समुद्राला लागून. तिथं कयाक न्यायची, खाऱ्या पाण्यात गळ टाकायचा. तुम्हाला बरोबर चला म्हणाले आणि पुढं म्हणाले, "तुमची मुलगीही येईल ना? बाईंना मुलं सांभाळायला मदत होईल." तुम्ही म्हणालात, "हाव साहेब, काऊन नाई." मला विचारलंत ते घरी आल्यावर, आणि तेही विचारलं नाही, सांगितलंत. "समुद्र पाह्यशील," म्हणालात. इंटरला बसलेल्या मुलीला तुम्ही दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसायला देऊन आलात आणि वर समुद्राची लालूच दाखवलीत. मी आले. मला समुद्र बघायचा होता, हे खरं.

मुंबईत उतरल्यावर साहेब पुढं गेले आणि आपल्याला सामान घ्यायला मागं ठेवलं. त्यांच्याकडचं सगळं गोड्या पाण्याचं होतं, समुद्राला ते पुरणार नव्हतं. "तुम्हीच निवडा, तुम्ही उस्ताद," असं ते म्हणाले होते, आणि तुम्ही त्या शब्दावर तरंगत बाजाराच्या मागच्या त्या दुकानात शिरलात. धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर ठेवलेला. त्यानं आपल्याकडे बघून विचारलं, "पहिल्यांदाच जाताय का समुद्रात?" मी हो म्हणणार होते. तुम्ही म्हणालात, "पहिल्यांदा कसं? दर इतवारी जातो." वडनेर भोलजीचा माणूस दर रविवारी समुद्रात जातो. दुकानदारानं चष्मा खाली ओढला आणि तुमच्या पायांकडे बघितलं. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तो माणूस मात्र सरळ होता. कसली होडी, किती माणसं, किती आत जाणार, एवढं त्यानं विचारलं आणि सामान काढायला लागला. काठी आखूड घ्या म्हणाला, बसक्या होडीत लांब काठी गुडघ्यात अडकते आणि मासा जवळ आला की वळवता येत नाही. दोरा फार जाड नको, पण दोऱ्याच्या टोकाला पोलादी तारेचा वीतभर तुकडा पाहिजे. समुद्रातल्या माशाला दात असतात, नुसता दोरा तो कापतो. आमिषं दोनच नमुन्यांची घ्या, एक पितळी चमचा आणि एक पांढऱ्या पिसांचं. पेटीभर घेतलीत तर होडीत जागा नाही, मांडीत गळ घुसतील. एक पक्कड घ्या, गळ काढायला. आणि शेवटी म्हणाला, "जे जे नेणार ते दोरीनं होडीला बांधा. पाण्यात पडलं ते गेलं." मी हे सगळं मनात लिहून घेतलं होतं. काल तुमच्या नातीला सांगायला तेच कामी आलं.

आणि तुम्ही काय घेतलंत? लांब काठी, कारण तिच्या मुठीला हिरवा रेशमी दोरा गुंडाळलेला होता. पितळी चमचा बाजूला सारून चकचकीत रुपेरी घेतलात. पिसांकडे बघितलंही नाही. काचेच्या कपाटात लाकडाचा एक मासा होता, लालभडक, पोट सोनेरी, डोळे रंगवलेले, तीन-तीन काट्यांचे गळ लटकलेले. तो तुम्ही हातात घेऊन उजेडात फिरवला. दुकानदार म्हणाला, "हा दिखाऊ आहे. मासा याला सहसा विचारत नाही." मी हळूच म्हटलं, "बाबा, तो म्हनते तेच घ्या ना." तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात, आणि तुमच्या आवाजात जराही लाज नव्हती. "तुले समजत नाही. मासा काय घेते ते कोन पाह्यते? साहेबाले काय आवडते ते पाह्यचं." त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की तुम्हाला खरंच काही कळत नाही. मग कळलं, तुम्हाला सगळं कळत होतं. मी तुमचा तिरस्कार करायला लागले ते त्या दुकानातच, हातात ती पिशवी धरून.

त्या घरी आपण राहिलो ते दिवस मला अजूनही एकामागून एक दिसतात. पहाटे उठून तुम्ही होडीचा सांगाडा जोडताय, कापड ओढून ताणताय. साहेब पुढं बसतात, हातात हिरव्या दोऱ्याची काठी, तुम्ही मागं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. तुम्हाला पोहता येत नाही. धरणावर तुम्ही कमरेला ट्रकची ट्यूब बांधायचात, इथं साहेब म्हणाले, सासरच्या माणसांसमोर ते बरं दिसत नाही, म्हणून ट्यूब घरी. सामान होडीला बांधायची दोरी मी आणून दिली तर तुम्ही ती खिशात घातलीत. साहेबांना होडीत दोऱ्या लोंबलेल्या गबाळ्या वाटतात म्हणून. मी साहेबांच्या मुलांचे हात धरून वाळूत उभी. लाट आली की होडीचं नाक वर जातं, तुमची टोपी भिजते, तुम्ही एका हातानं ती सावरता. आणि रोज उन्हं चढली की दोघे रिकाम्या हातानं परत येता. साहेबांचे सासरे ओसरीवर झोपाळ्यावर बसलेले असत. निवृत्त वकील, जीभ तिखट. ते म्हणत, "काय जावईबापू, आज समुद्र बंद होता का?" साहेबांच्या बाई तोंड फिरवून आत जात. साहेबांचा चेहरा उतरे, आणि तो राग ते तुमच्यावर काढत. तुम्ही वल्हं आपटलं, तुम्ही खोकलात, तुमच्या सावलीनं मासा पळाला. तुम्ही म्हणायचात, "हाव साहेब, चुकलंच." सावलीसुद्धा तुमची चूक.

मग तो दिवस. सकाळी साहेबांची पाठ धरली, त्यांना उठवेना. सासरे चहा पिता पिता म्हणाले, "मग त्या स्टोअरकीपरला पाठवा की. माशाला हुद्दा थोडाच कळतो?" असं म्हणून ते अलिबागला कामाला निघून गेले. साहेब अंथरुणावरून तुम्हाला म्हणाले, "जाऊन या तुम्ही. होडी रिकामी पडलेली मला बघवत नाही." एकट्यानं. पोहता न येणाऱ्या माणसाला. मला वाटलं, आता तरी हा माणूस नाही म्हणेल. तुम्ही धोतर खोचलंत आणि निघालात. मी मागून वाळूत आले. "बाबा, नका जाऊ," म्हटलं. "मले सांगता येते त्यांना. तुमाले ताप आला म्हनते." तुम्ही होडीत पाय टाकलात. म्हणालात, "ताप आलेल्या मानसाले कोन कायम करते?" आणि वल्हं मारलंत.

उजवीकडे काळे खडक होते, समुद्रात आत गेलेले, आणि त्यांच्या पलीकडे खाडीचं तोंड. तुम्ही त्या खडकांच्या मागं गेलात आणि दिसेनासे झालात. मी वाळूत बसून राहिले. उन्हं चढली. साहेबांची मुलं कंटाळून घरी गेली. पाणी ओसरायला लागलं, खडकांची बुडं उघडी पडली, तरी तुम्ही नाही. मी आईला काय सांगायचं त्याचा विचार करत होते, आणि त्यातही रागच होता; हा माणूस अशा कामासाठी मरायला निघाला याचा राग. घरातून गडी आला. साहेबांनी विचारायला पाठवलं होतं, "होडी दिसते का?" होडी. मी म्हटलं, नाही दिसत.

आणि मग दिसलात. खडकाच्या कडेनं, हळूहळू, एक वल्हं इकडं एक तिकडं. अंगात सदरा नव्हता, टोपी नव्हती. जवळ आलात तेव्हा दिसलं, सदरा मांडीवर कशाभोवती तरी गुंडाळला होता आणि त्यातून शेपूट बाहेर हलत होतं. तुमच्या उजव्या तळहातात दोरा रुतून रक्त येत होतं. काठी होडीत नव्हती. आणि तुम्ही हसत होतात, बाबा. ओठ फाटलेले, डोळे लाल, आणि तोंडभर हसू. तसं हसू मी आपल्या घरात पाहिलं नव्हतं, ना त्यापूर्वी, ना नंतर. होडी वाळूला लागल्यावर तुम्ही मला सदरा उघडून दाखवलात. रुपेरी, जाड पाठीचा, माझ्या हाताहून लांब मासा, आणि त्याच्या जबड्यात तो लाल दिखाऊ लाकडी मासा, रंगावर दातांचे ओरखडे. तुम्ही म्हणालात, "पाह्य." एवढंच.

तेवढ्यात साहेब पाठीला हात लावून वाळूपर्यंत चालत आले. होडीत डोकावून त्यांचा पहिला शब्द होता, "काठी?" तुमचं हसू तिथंच गेलं. तुम्ही म्हणालात, "गेली साहेब." मग त्यांनी मासा बघितला. बाई आल्या, स्वयंपाकीण आली, म्हणाली जिताडा आहे, चांगला मोठा. मासा ओसरीवर आणून फरशीवर ठेवला. सगळ्यांनी बघितला. सगळ्यांना ठाऊक होतं तो कुणी आणला. मग दुपारच्या जेवणाच्या आधी सासरे अलिबागहून परत आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "हा कुणी पकडला?"

साहेब काही बोलले नाहीत. हे मला त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, ते खोटं बोलले नाहीत. ते आपल्या नखांकडे बघत उभे राहिले. ओसरीवर कुणीच बोललं नाही. एवढं कुणी बोललं नसतं तरी चाललं असतं, म्हाताऱ्याला कुणीतरी आत जाऊन सांगितलं असतं, प्रसंग निघून गेला असता. पण तुम्ही पायरीखाली उभे होतात, हाताला फडकं गुंडाळून, आणि तुम्ही म्हणालात, "साहेबांनी. मी मागं वल्हं मारून राह्यलो होतो. काठी तेवढी माह्या हातून पडली."

मासा त्यांचा, काठी तुमची. म्हातारा तुमच्याकडे बघत राहिला, मग जावयाकडे. "असं का," म्हणाला. त्यानंतर साहेबांची पाठ बरी झाली. जेवताना तर ते बोलतच होते, दोरा कसा ताणला, मासा कसा खाली गेला, आपण कसा दम धरला. तुम्हाला ओसरीवरच पान वाढलं होतं, आणि साहेबांनी स्वतः उठून तुमच्या पानात जिताड्याचा तुकडा घातला. "घ्या स्टोअरकीपर, आज तुमचाही मान आहे." मी भात वाढत होते. मी तुमच्या माळेकडे बघत होते. बाई हळूच म्हणाल्या सुद्धा, "अहो, ते खात नसतील." तुम्ही म्हणालात, "खातो ना, खातो," आणि खाल्लात. काट्यासकट तोंडात घातलात, काटा कसा काढतात ते माहीत नव्हतं म्हणून. साहेब हसले. तुम्हीही हसलात.

परतीच्या गाडीत मी मनमाडपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. मग विचारलं, "काऊन सांगतलं तुमी तसं?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, हाताचं फडकं मळकं झालेलं. म्हणालात, "मासा घेऊन मी काय करतो? आपल्या घरी मासा शिजत नाही. नोकरी शिजते." आणि थोड्या वेळानं, "तुह्या मायले सांगू नको, खाल्ला म्हनून." मी सांगितलं नाही. आई गेली तेव्हाही तिला ते माहीत नव्हतं. तुमच्यासाठी मी गप्प राहिले नाही. एवढ्या घाणीत तिला कशाला ओढायचं, म्हणून राहिले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी नीट बघितलं नाहीत. कालवा पुरा झाला. साहेब बदलून मुंबईला गेले आणि गेल्यावर त्यांचं एक पत्रसुद्धा आलं नाही. मग एक दिवस ऑर्डर आली. तुम्ही कायम झालात, बुलढाण्याच्या ऑफिसात जागा मिळाली. तुम्ही पेढे वाटलेत आणि प्रत्येकाला सांगितलंत, साहेबांची कृपा. मी ती ऑर्डर हातात घेऊन वाचली, इंग्रजीत होती म्हणून तुम्हीच दिलीत वाचायला. त्यात तुमच्याबरोबर इतरांचीही नावं होती. जुन्या, बरीच वर्षं काम केलेल्या सगळ्यांची. गोदामावरच्या चौकीदाराचं होतं, वरवट बकालच्या त्या मुकादमाचं होतं, ज्यानं आयुष्यात गळ हातात धरला नव्हता आणि साहेबांना एकदा तोंडावर उलट उत्तर दिलं होतं. सरकारनं सगळ्यांना एका कागदावर कायम केलं होतं. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं, एकेक नाव, मोठ्यानं, आई समोर असताना. मग म्हटलं, "पाह्यलं? त्यानं काय पकडलं होतं?"

तुम्ही पेढ्याचं कागदी खोकं बंद करत होतात. म्हणालात, "असंन. पन मले कसं मालूम पडणार होतं?"

मला त्या उत्तराचा फार राग आला. अजून येतो. ते खोडता येत नव्हतं म्हणून येतो. तुमच्या त्या पगारावर मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि कधी कुणा हेडमास्तरणीपुढं मान वाकवली नाही. त्याचा मला गर्व होता. मला वाकायची वेळच आली नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी मी तुम्हाला माफ केलं नसतं. चौकीदारही गरीब होता, मुकादमालाही पोरं होती, त्यांनी तर कुणाच्या पानातला मासा खाल्ला नाही.

काल तुमच्या नातीला मी फोन केला. आखूड काठी घे म्हटलं, तारेचा तुकडा लाव, दोनच आमिषं ने, सगळं होडीला बांध, रीळ घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धू, आणि अंगात फुगणारं जाकीट असल्याशिवाय पाय टाकू नको. तिला हे सगळं आधीच ठाऊक होतं असं वाटलं. आजकाल मोबाइलवर सगळं मिळतं. दुकानात मिळेल ते प्रत्येक रंगाचं आमिष तिनं घेऊनही ठेवलं आहे. ती तुमचीच नात. मग तिनं विचारलं, "पण आजोबांनी तो एवढा मोठा मासा पकडला कसा?" मी म्हटलं, "खडकांच्या मागं पकडला." ती म्हणाली, "हो, पण कसा?"

काठी पाण्यात गेली होती. मग दोरा तुमच्या हातात कसा राहिला? वल्हं सोडलं असेल तर होडी लाटेला आडवी कशी झाली नाही? तुम्हाला पोहता येत नव्हतं. तुम्ही दोरा का सोडला नाहीत? तो मासा होडीत घेतलात तेव्हा तिथं तुम्हाला बघायला साहेब नव्हते, कुणीच नव्हतं, आणि तरी तुम्ही सदरा काढून त्याच्याभोवती गुंडाळलात. हे सगळं कुणासाठी करत होतात?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीत घालून ठेवीन. तुमचं जे चुकलं ते चुकलं, त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. पण त्या दिवशी वाळूत तुम्ही सदरा उघडून "पाह्य" म्हणालात, तेव्हा मला विचारायचं होतं, कसा पकडला बाबा, सांगा ना सगळं. ओठावर आलं होतं. मग साहेब आले, आणि नंतर मी तुमच्यावर रागावलेली होते.